कलम सात

कराराच्या दुसऱ्या पानावर, शिक्क्याच्या जरा खाली:
'मालकास पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी,
घराची पाहणी करण्याचा अधिकार राहील.'
मी सही केली. मोंडकरांनी केली.
देवगडच्या स्टॅम्पवेंडरकडे पंखा बंद होता,
त्या कागदावर आमच्या दोघांचा घाम आहे.

वाजवी वेळ म्हणजे कोणती, ते लिहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा कळलं विडीच्या वासावरून.
मग गॅसचा नॉब. मी घाईत अर्धवट सोडलेला,
आल्यावर बघते तर नीट बंद.
मग एकदा वारा सुटला म्हणून
दोरीवरचे कपडे आत आणलेले,
खाटेवर, घड्या घालून.
माझे सगळे कपडे.

त्या खाटेकडे बघत मी पर्स न ठेवता उभी.
आभार मानायचे, की चौकीत जायचं?

दवाखान्यात मी दिवसभर लोकांचं रक्त काढते.
हात पुढे केलेला असतो, बाही वर सरकवलेली,
शीर दिसत असते,
तरी सुई टोचण्याआधी विचारते: घेऊ ना?

मोंडकरांशी बोलले तेव्हा ते जाळं विणत होते.
हात न थांबवता म्हणाले,
'माझ्याच घरात येवक माका तुका इचारूक व्हया?
ह्येचे चिरे मी डोक्यार हाडलंय, बाय.'
खोटं नव्हतं ते. त्यांची मान अजून डावीकडे कलते.

शनिवारी कुलूप आणलं. साडेचारशे रुपये.
जुनं खाऱ्या हवेनं कडीला धरून बसलेलं,
खोबरेल सोडावं लागलं.

रविवारी त्यांची किल्ली फिरली नाही.
मी आत होते. चूल नाही, पंखा नाही, श्वासही बेतानं.
एकदा. पुन्हा एकदा.
मग किल्ली काढून, धोतराला पुसून असावी, तिसऱ्यांदा.
दार मात्र वाजवलं नाही.

संध्याकाळी नळ कोरडा.
पंपाचं बटण त्यांच्या पडवीत,
आणि पंपाबद्दल करारात कलमच नव्हतं.

चार दिवस मी रिक्षातून कॅन आणले.
फैयाज म्हणाला, मॅडम, वकील करा.
पुढच्या फेरीला म्हणाला, नका करू,
माझ्या मेव्हण्याची केस नऊ वर्षं चाललीय, 
तोवर घर पडलं.

पाचव्या दिवशी दाराखालून कागद सरकला.
मासळीच्या लिलावाची पावती, पाठकोरी.
रेघा नसताना सरळ अक्षर:
'उद्या सकाळी साडेदहा वाजता नळे बघण्यास येत आहे.
वेळ वाजवी नसल्यास कळवावे.
घरमालक.'

साडेदहाला दार वाजलं.
उंबऱ्याबाहेर इस्त्रीचा शर्ट,
हात कुठे ठेवावेत ते न कळलेला माणूस.
आत आले ते पाहुण्यासारखे नाही,
मालकासारखेही नाही.
वाशाला कान लावून बोटानं वाजवून पाहिलं,
एक नळा सरळ केला, काठीनं.
'वाळवी नाय,' म्हणाले. 'आता तरी.'
पाणी विचारलं.
'नको. पंप चालू केलंय.'

कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या होत्या.
एक पर्समध्ये, एक दवाखान्याच्या खणात.
तिसरी त्यांनी मागितली नाही.
मीही दिली नाही.
ती तांदळाच्या डब्यात आहे.
अकरा महिन्यांतले आठ सरलेत.
कधी माप घालताना बोटांना लागते, गार,
आणि मी ती पुन्हा खाली ढकलते.