काहून

मेडिकलच्या तळमजल्यावर, जिथं कूलरचा वाळा
एप्रिलातच वाळून जातो,
तिथं माझं टेबल. त्यावर स्क्रीन, प्रिंटर
आणि मी शिकवलेलं एक यंत्र
जे हृदयाचं भाकीत सांगतं.
आधी नुसता आकडा सांगून गप्प बसायचं.
डॉक्टर वैतागले: असं तर पोपटवालाही सांगतो.
मग दोन वर्षं खपून त्याला मी
आमच्या गावचा एकच शब्द शिकवला:
काहून.

यमुनाबाई धकाते, वय अठ्ठावन्न, गोळीबार चौक.
घरात माग होता तोवर लुगडी विणली,
आता शाळेत खिचडी शिजवतात.
चपला दाराबाहेर काढून आल्या.
छातीत दुखतं?
"नाही बापा. काही नाही दुखत."
मी खूण केली. आकडा आला: एकाहत्तर.

"काहून?"

स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
तांबडे पट्टे धोका चढवणारे, निळे उतरवणारे.
वय, बोटभर तांबडं.
कोलेस्टेरॉल, नखाएवढं.
ट्रेडमिलवर ठोके कुठवर गेले, ते थोडं निळं.
त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत गेल्या
काठाची वीण चाचपावी तसं.
"आमच्यात बी असंच. कापडात खोट दिसली
का माग थांबवाचा, अन् माग काढाचा,
कोनत्या धाग्यानं दगा देल्ला."
बोट थांबलं सगळ्यात लांब तांबड्यावर.
"हे कोनतं?"

छातीत दुखणं: नाही.

मला आधी वाटलं होतं, माझीच चूक.
रात्र रात्र तपासलं. चूक नव्हती.
ज्या तीनशे परक्या माणसांवरून ते शिकलं
त्यांच्यात दुखत नाही म्हणणारेच
जास्त आजारी निघाले होते.
ते असं का म्हणाले, हा रकानाच नव्हता.

यमुनाबाईंनी दाराकडे पाहिलं.
सून बाहेर, औषधाच्या रांगेत.
"दुखते म्हनलं तं खिचडी कोन शिजवन?"
मग आवाज अजून खाली:
"लिही. दुखते. पायऱ्या चढली का.
कवापासून, ते नको इचारू."

मी खूण बदलली.
लांब तांबडा आक्रसला, दुसऱ्या अंगाला निळा झाला.
एकाहत्तरचे चव्वेचाळीस.
त्या हसल्या, तोंडाला पदर लावून:
"पाय, सांगतलं तं कमी झालं!"

मला हसता आलं नाही.
यंत्रानं कारण चोख दिलं होतं
दोन्ही वेळा,
आणि बाई तीच होती.

प्रिंट काढली नाही.
चिठ्ठीवर हातानं लिहिलं, जाड अक्षरात:
इको, आजच.
खाली कारणासाठी एक छापील रेघ असते.
तिथं पेन टेकून राहिलं बराच वेळ,
शाईचा ठिपका पसरत गेला.

"काय लिहून रायला एवढं?"

पायऱ्या, मी म्हटलं.