श्वास खाले सोड

सोनगीरच्या अलीकडे, फाट्यावर वळलं की
डाव्या हाताला जो मुरमाड माळ लागतो
तिथे दोन वर्षं मी आंधळेपणी मोटरसायकल पळवली.
उजवा उणे साडेचार, डावा उणे पाच,
आणि पहिल्या वळणाच्या आतच
हेल्मेटमध्ये दूध उतू गेलेलं.

उपाय सगळ्यांकडे होते.
कोणी म्हणालं थुंकी लाव, कोणी म्हणालं बटाटा चोळ.
नणंद म्हणाली, डोळ्यातच लेन्स घाल ना.
घातल्या.
माळावरची धूळ पापणीखाली मुक्कामाला आली,
तीन दिवस गॉगल लावून हजेरी घेतली वर्गात.
पोरांनी फळ्यावर माझं चित्र काढलं.
बरं जमलं होतं.

वाफेचं एक वेळ राहू द्या,
पण काडी कानामागे जिथे वळते
नेमका तिथेच हेल्मेटचा गादा दाबतो.
दहाव्या मिनिटाला कानशील ठणकतं,
विसाव्या मिनिटाला
ज्याने चष्मा शोधला त्याच्या सात पिढ्या आठवतात.

धुळ्यात, आग्रा रोडला, सैफुद्दीनभाईंनी
माझ्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही.
हेल्मेट हातात घेतलं, आत बोटं फिरवली,
म्हणाले, "चष्मा वाईट नई से, बेन. काड्या वाईट सेतस."
मग गरम वाळूच्या डब्यात दोन्ही काड्या खुपसल्या
आणि कानामागचा आकडा काढून टाकला.
सुईसारख्या सरळ.
पैसे विचारले तर म्हणाले, आधी पडून ये, मग बघू.

आता क्रम असा:
आधी हेल्मेट. मग काच वर.
मग बंद दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवावी
तशी एक काडी, मग दुसरी.
भिंगांवर कोरडा साबण, आपल्याच कापसाने पुसलेला,
दिसेनासा होईपर्यंत.
नाकावर रबराची पट्टी, उखर्डू मेस्तरीने बेतलेली.
गादा कापू का, असं विचारलं तेव्हा तो खवळला,
"तो तुन्हा जीव से, त्याले हात लावू नको."
आणि निघताना, पाठ फिरवून,
"श्वास खाले सोड, खाले.
बशीमधला चहा फुकतस तसा, पण हनुवटीकडे."

जानेवारीतली सकाळ. गवतावर दव,
बोटं हातमोज्यात काष्ठ झालेली.
झेंडा वर गेला आणि वरच राहिला,
कारण ठेलारींच्या मेंढ्या आल्या.
मेंढ्यांना कोण शिट्टी वाजवणार?
अकरा गाड्या घुरघुरत उभ्या,
अकरा डोकी आतून पांढरी होत चाललेली,
शेजारी शहाद्याचा रतिलाल पावरा
आंघोळीच्या खोलीतल्या आरशासारखा.
मी काच बोटभर उघडी ठेवली.
खाले. खाले.

आणि मला सगळं दिसलं.
मेंढीच्या कानातली गोचीड दिसली,
घोड्यावरच्या पोत्यात मान बाहेर काढलेलं कोकरू,
किल्ल्याची टेकडी, तिच्यावरची फुटकी भिंत, भिंतीतलं झुडूप.
मग मेंढ्या सरल्या आणि समोरचा रस्ता दिसला,
दोन वर्षांत पहिल्यांदाच.
तिसऱ्या वळणावरची घळ
माझ्या गाडीपेक्षा खोल होती.
ती तिथे कायमच असणार.
मी तिच्या काठावरून, चौथ्या गिअरमध्ये,
गाणं गुणगुणत गेलेली आहे.

झेंडा पडला.
तिसऱ्या वळणाला मी ब्रेक दाबला.
आयुष्यात पहिल्यांदा.

सहावी आले.
दिसत नव्हतं तेव्हा एकदा तिसरी आले होते,
हे उखर्डू मेस्तरीने उच्चारलं नाही,
फक्त चेनला तेल घालत राहिला.

फाट्यावरच्या टपरीत पोराने चहा पुढे केला,
कानामागे हात नेला, दुखत नव्हतं.
पेला तोंडाजवळ आणला
आणि दोन्ही भिंगं एकदम पांढरी झाली.
साबण धुळीत संपला असावा.
पदर होता, रुमाल होता, कापूसही होता खिशात.
मी पुसलं नाही.
थोडा वेळ तशीच बसले,
कुठलीच घळ नसलेल्या त्या पांढऱ्यात,
चहा मात्र
न सांडता पीत.