डावा क्लच

बेकिनकेऱ्याच्या हद्दीत, घाणेरीत रुतून बसलेलं ते धूड
मी किलोवर विकत घेतलं.
सत्तारने लॉरी काट्यावर चढवली, उतरवली,
पेन्सिलीने तळहातावरच वजाबाकी केली.
म्हणजे गंजाचेही पैसे मोजले मी,
पट्ट्यांत दगड झालेल्या चिखलाचे,
सायलेन्सरात कुंभारमाशीने बांधलेल्या घरांचे,
आणि सीटखाली कात टाकून गेलेल्या कुणाचे तरी.

शेवंता फाटकातच उभी. म्हणाली,
"ह्याच्यात बसून जाऊचं कुठं?"
उत्तर नव्हतं. मी टॉमी हातात घेतली.

पहिला महिना नुसता चिखल.
छिन्नीने काढत गेलो:
वर तांबडा, खानापूरकडचा, बोटांना लोखंडाचा वास ठेवणारा;
खाली काळा, बैलहोंगलचा,
इतक्या वर्षांनी पाणी लागताच पुन्हा चिकट, हट्टी;
आणि अगदी आत, रोलरच्या कडेला,
पांढरट मातीचा एक पापुद्रा.
तो कुठला, ते कुणालाच सांगता आलं नाही.
तिन्ही मी पत्र्यावर वेगवेगळे ठेवले.
सकाळी शेजारच्या कोंबड्यांनी एक केले.

पिस्टन चारही धरलेले.
डिझेल, रॉकेल ओतलं, वर फडकं बांधलं,
मुरांब्याची बघावी तशी वाट बघितली.
अकराव्या दिवशी तिसरा हलला. केसभर.
केसभर हलणं काही सांगण्यासारखं नसतं,
सांगितलं नाही,
पण रात्री ताटातली भाकरी दोनदा हातातून सुटली.

स्प्रॉकेटचे दात झिजून सुळे झालेले.
उद्यमबागेत भैरू सुताराने सागवानी पॅटर्न केला,
मुद्दाम थोडा थोर.
"लोखंड निवताना अंग चोरतं," म्हणाला,
"परक्याच्या घरी निजल्यासारखं."
मिंगेलने वाळू ठोकली, कोअर बसवला,
शंभर नगांच्या ऑर्डरीमध्ये माझा एक नग ओतला,
आणि पैसे विचारल्यावर फुंकर मारून हात झटकले.
"चालू झाला की घेऊन ये. दारातनं एक फेरी मार."

सगळं बसलं. एक सोडून.
डावा क्लच तीनदा उघडला,
प्लेटा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या,
गॅसने तापवून लिव्हरचा बाक काढला.
उजवीकडे लोण्यासारखा वळायचा.
डावं लिव्हर ओढलं की
ऐकलंच नाही असं करून सरळ.

मग निंगाप्पा अज्जा आला, नातवाला धरून, बैलहोंगलच्या बसने.
ह्याच मशिनवर ड्रायव्हर होता, पुलाखाली पाणी होतं तेव्हा.
तो कानडीत, मी मराठीत,
मधे बावीसचा पाना.
बॉनेटवर काठी टेकली, दुसरं टोक कानाला,
डोळे मिटून बराच वेळ इंजिन ऐकलं.
मी लिव्हर दाखवलं. माझे काळे हात दाखवले.
तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत.
"एडक्क बरंगिल्ल," म्हणाला.
डावीकडे येतच नाही तो.
आजचं नाही. कंपनीतनं उतरला त्या दिवसापासून.
मग बोटाने हवेत काढून दाखवलं:
उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे.
झालं की डावं.

अशी त्याने तीस वर्षं रानं सपाट केली.
आणि मी सात महिने
त्याचा स्वभाव दुरुस्त करत होतो.

काल फाटकातून बाहेर काढला.
मिंगेलच्या फाउंड्रीचा रस्ता डावीकडे.
अज्जा मडगार्डवर, काठी मांडीवर आडवी.
पहिलं वळण विहिरीकडे,
दुसरं कट्ट्याला घासून,
चिमणीतून माशीच्या घरांची शेवटची धूळ उडाली,
तिसरं सरळ दोरीवरच्या कपड्यांत जाणार होतं.
शेवंता काही बोलली नाही.
तिने एकेक चिमटा काढला,
ओली लुगडी खांद्यावर घेतली
आणि दोरी सोडली.