वाइन कलर

सोलापुरात वाइन हा आधी रंग आहे.
साडीचा, टॉवेलचा, शाळेच्या स्वेटरचा.
प्यायची असते, हे नंतर कळतं.

मेंडोझाहून ऑर्डर आली तेव्हा
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
इंग्रजी मेल वाचायला मी होते.
अर्जेंटिना. द्राक्षमळ्यातलं हॉटेल, बारा खोल्या,
मागे बर्फाचे डोंगर.
पाहुणे सायकलवरून मळे बघतात,
ग्लास फिरवतात, हुंगतात, घोट घेतात
आणि बादलीत थुंकतात.

"थुंकतात?" शिलाईवरची नागमणी गाजम म्हणाली,
"मग एवढ्या लांब जातात कशाला?"

नॅपकिन सातशे. रंग वाइन.
गौसभाईंचं सॅम्पल गेलं, परत आलं.
दुसरं गेलं. तेही परत:
लाल आहे, पण आमचा नाही.
मग तिकडूनच एक खोका आला,
थर्माकोलात एक बाटली,
चिठ्ठीत एक ओळ: असा.

दुडमशेठ चाचरले,
"गौसभाई, तुम्हाला चालत नसंल तर…"
"प्यायची कुठंय शेठ, बघायचीय."

बूच काढायला कुणाकडं काही नव्हतं.
फिटर मल्लिनाथनं त्यात स्क्रू पिळला,
पक्कडीनं ओढला.

बाहेर मार्चचं एकेचाळीस, आत डाईहाऊसची वाफ.
नान्नजकडं द्राक्षं उतरत होती.
तिकडंही उतरत होती,
फक्त तिथं पुढं थंडी होती.

गौसभाईंनी बीकरमध्ये चार बोटं ओतली.
ट्यूबलाइटखाली धरली, मग दारात, उन्हात.
फिरवली.
मान जरा मागं घेऊन हुंगली.
म्हणाले, जांभूळ.
मग म्हणाले, ओलं पोतं.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

पांढऱ्या टेरीवर एक थेंब सोडला.
मधे काळा, पसरत गेला तशी
कडेला जांभळी झालर.
"हां. मधला नाही, हा कडेचा मागतोय."

लाल. चिमूटभर नेव्ही ब्लू.
पिवळा इतका, की टाकला काय, न टाकला काय.
चौथं सॅम्पल पास.

उरलेली बाटली शेठनं
स्वतःच्या हातानं मोरीत ओतली.
नागमणी बघत होती.
"थुंकलोच की आपणपण."

पुढं फोटो आला एक.
वेलींखाली लांब टेबल, टोपीवाली बाई,
ओठांशी आमचा नॅपकिन.
डाग पडला असेल तर दिसत नाही.
त्यासाठीच तर केला होता.

शेडबुकात दोन्ही तुकडे
एकाच पानावर स्टेपल केलेत.
खऱ्या वाइनचा वर्षात विटला,
आता कोऱ्या चहासारखा दिसतो.
गौसभाईंचा तसाच,
साठ डिग्रीला, चाळीस धुण्यांना पक्का.

नवं गिऱ्हाईक आलं की दोन्हींवर बोट ठेवून विचारतं,
वाइन कलर यातला कुठला?