न खपलेल्या कॅसेटी

मनामात, बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत
अबू जासिमचं कॅसेटचं दुकान होतं. तिथं मी तीन वर्षं
पेन्सिल घालून सुटलेल्या फिती गुंडाळल्या.
एका गाण्याला गिऱ्हाईक कधी तुटलं नाही.

मूळ तबकडी जासिमच्या आजोबांच्या वेळची.
एक ऊद, एक ढोलकं, आणि गाणारा
मोती काढायच्या गलबतावर वल्ही मारायचा म्हणे.
तुझ्या कानातला डूल माझ्या होडीत राहिलाय,
आणून देऊ, की तूच येतेस शोधायला?
एवढंच. पुढे खरखर, आणि मधेच कुणीतरी खोकतं.

तो खोकला पुढच्या कुणी घेतला नाही.
कुवेतवाल्याने व्हायोलिनं घातली, चौदा.
दुबईच्या एका बाईने डूल हिऱ्याचा केला.
मग कीबोर्ड आला, होडीची मोटरबोट झाली.
आमच्या खोलीतला कुंजुमोन ओणमला मल्याळीत गायला,
त्याचा डूल माडाखाली सापडला
आणि पोरीच्या बापालाही.

मी पत्रं लिहीत नसे, हात वळायचा नाही.
न खपलेल्या कॅसेटींवर आवाज भरून
अजीज मुकादमच्या बॅगेतून दाभोळला धाडायचो:
हलीमा, पैसे पोचले का. कौलं परतलीस का.
पोरीला दात आले का. इथं ऊन आहे.
चोवीस मिनिटांत माझं सगळं संपायचं
आणि फीत चालूच राहायची.
माझ्याखाली दबलेलं गाणं वर यायचं,
अर्ध्या ओळीपासून.

दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो तर नाझनीन तापाने फणफणलेली.
कंदील बारीक करून हलीमा तिच्या उशाशी बसली,
पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले
आणि हळू म्हणू लागली
होडी, डूल, येतेस का शोधायला —
उच्चार मोडके, चाल पाळण्याची.
शेवटी पोरीच्या कपाळावर तीनदा फुंकर.

अरबी आहे म्हणजे दुआच असणार.
तुम्हीच पाठवलीत ना, म्हणाली,
दर वेळी, बोलणं झाल्यावर?

मी हो म्हटलं.
पहाटे ताप उतरला.
मग सांगायचं राहिलं, ते ती होती तोवर राहिलंच.

नाझनीन गेल्या महिन्यात सलमानियाच्या इस्पितळात
नर्स म्हणून लागली. परवा टॅक्सीतून तिचा फोन:
अब्बा, इथं रेडिओवर अम्मीची दुआ लागलीय!
खाली ढोल बडवतायत, कुणी टाळ्या वाजवतंय,
ड्रायव्हर खांदे उडवतोय. काही वाटत नाही का यांना?

तिने फोन रेडिओजवळ धरला. मी ऐकलं.
चाल बरोबर होती. शब्द सगळे जागच्या जागी.
मागे कुठंतरी, बारीक, ऊदही होता.

म्हटलं, नाही गं पोरी, हे ते नव्हे.
यात फुंकर कुठाय?