पासंग

वजन करायचं तर वारा नको.
शमाल पडायची वाट बघत बसलो,
आणि रात्री अकराला उम्म अल क्वैनच्या त्या पत्र्याच्या शेडची
दारं ओढून घेतली.
एसीसुद्धा बंद. त्याची झुळूक पंखावर बसते
आणि काटा किलो-दीड किलो खोटं बोलतो.

इस्माईल मुकादम, मूळचा हर्णैचा,
दिवसा शारजात लोकांची घरं थंड करतो.
नऊ वर्षांचे शुक्रवार साठवून त्यानं हे विमान केलं,
दोन माणसांचं, शेजारी-शेजारी बसायचं.
मी काटे तपासणारा : सोनारांचे, मासळीबाजाराचे,
गावी जाणाऱ्यांच्या बॅगांचे.
तीन काटे आणले, तीन चाकांखाली सरकवले.

डावं एकशे बेचाळीस. उजवं एकशे एकोणचाळीस.
नाक एकसष्ट.
"नाक हलकं आहे," तो म्हणाला,
घरातल्या आजाऱ्याचा ताप सांगावा तसं.

कागदावर एक रेघ असते, तिला शून्य म्हणायचं.
ह्या विमानाची रेघ नाकाच्याही पुढे,
जिथे पत्रा नाही, पंखा नाही, नुसती हवा.
बॅटरी, सीट, पेट्रोल, माणूस,
सगळ्यांचं अंतर तिथून मोजायचं.
"आमच्या हर्णैसारखं," इस्माईल म्हणाला. हसला नाही.
सीटमागची बॅटरी सोडवली,
पुढे इंजिनजवळ नेऊन बसवली.
त्यासाठी सहा भोकं पाडली, त्यातलं एक चुकलं.

पहिल्या उड्डाणाहून उतरला तो मनगट चोळत.
"डावीकडे झुकतं रे.
सारखं धरून ठेवावं लागतं. सोडलं
की झोपाळलेलं पोर अंगावर येतं, तसं येतं."

मला देवरुखचं दुकान आठवलं.
बाबांच्या तराजूच्या उजव्या पारड्याखाली
सुतळीनं बांधलेला बिडाचा तुकडा.
मी सात-आठ वर्षांचा, मला वाटे ही लबाडी.
एकदा गिऱ्हाइकासमोर मी तो सोडला,
आणि रिकामा तराजू डावीकडे गेला.
बाबांनी मारलं नाही. सुतळी परत बांधली.
"लबाड तराजू आहे," म्हणाले. "पासंग नव्हे."

तर पट्टी. ॲल्युमिनियमची, दोन बोटं रुंद,
डाव्या आयलेरॉनच्या मागच्या कडेला.
ती वर वाकवली की आयलेरॉन खाली जातो
आणि पंख वर येतो.
मला हे उलटं कधीच पाठ झालं नाही,
दर वेळी हाताचा पंजा करून बघायचो.
दोन लाकडी ठोकळ्यांत धरून केसभर वाकवायची,
उडायचं, उतरायचं. कमी पडली.
परत केसभर. आता जास्त झाली.
पाच शुक्रवार गेले
चहाच्या चमच्याएवढ्या त्या पत्र्यापायी,
जो तीनशे बेचाळीस किलोंच्या
पासंगालाही पुरला नसता.

सहाव्या शुक्रवारी उतरला,
आणि काही न बोलता
दोन्ही तळवे उघडून दाखवले.

मग मला म्हणाला, चल.
मी शहाऐंशी किलो, माझ्याच काट्यावर.
खालून कांदळवन गेलं, खाडीचं पोपटी पाणी,
त्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी चूळ.
इस्माईलनं हात सोडले
आणि विमान उजवीकडे कललं, माझ्याकडे,
कुणी कानात काही सांगायला वाकावं तसं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.
"पट्टी सरळ करू परत?"

तो समुद्राकडे बघत राहिला.
त्या बाजूला हर्णै नाही, इराण आहे.
"राहू दे," म्हणाला.
"रोज काय, एकटाच असतो मी."

आणि धावपट्टी दिसेपर्यंत
त्यानं ती दांडी
अंगठा आणि एका बोटात
डावीकडे, तेवढीच, धरून ठेवली.