मोसंबीवर बंद

पत्रात लिहिलं होतं : विजेची दोन चाकं, पायाचं एक,
माती मळायचं यंत्र, गॅसची भट्टी,
राहायला खोली, कूलरसह.
कूलर होता. त्याचा वाळा उंदरांनी नेला होता.
दोनांपैकी एक चाक उलटंच फिरायचं.
"डावखुऱ्यांची सोय," खोपे म्हणाले,
आणि मी उजवी आहे हे त्यांनी मनावर घेतलं नाही.

हिंगणा रोड, बंद पडलेल्या बॅटरी कारखान्यामागची शेड.
मे महिना. माती ओल्या गोणपाटाखाली
आजाऱ्यासारखी झाकायची, दर तासाला विचारपूस.
चाकावरून उतरेपर्यंत भांड्याचा काठ वाळलेला,
बूड ओलं.
पहिल्या आठवड्यात अकरा तडकली.
बाराव्याला मी हात लावला नाही, नुसती समोर बसले.
ते आपणहून गेलं.

मागच्या भिंतीला एक फळी आहे, न नेलेल्यांची.
बडोद्याच्या कुणाची निळी मासोळी,
कुणा परदेशी मुलाचे पंचवीस कान,
नुसते कान,
झाकण हरवलेली एक सुरेख बरणी.
विमानात वजन होतं म्हणतात, मग राहतं.
एका देखण्या हिरव्या वाडग्यात खोप्यांचा चुना असतो.
"हे तरी कामात हाय."

भट्टी लावली त्या रात्री तापमापक गेला.
आकडा चारशे बारावर अडकला.
मी फोनमध्ये कंपनीचा नंबर शोधत होते.
खोप्यांनी वीट सरकवली, भोकाला डोळा लावला :
"डाळिंब हाय अजून. जेवून घ्या तुमी.
संत्रं होऊ द्या. मोसंबीवर बंद."

मग आम्ही फळं पिकायची वाट पाहत बसलो.
मी विचारलं, तुम्ही काय घडवता?
"आता काही नाही. घरी रांजण व्हायचे.
बाप चाकावर, माय थापीवर."
झिलई कसली द्यायचे?
ते माझ्याकडे पाहतच राहिले.
"रांजणाले? मंग पाणी गार कसं होईन?
थोडं पाझरलं पायजे ना, मॅडम."
एवढं बोलून खाटेवर आडवे झाले, झोपलेही.

साडेतीनला मीच वीट काढली.
आत भांडी नव्हती. पिवळा होता,
आणि पिवळ्याला कुठेकुठे काठ होते.
मी त्यांना उठवलं नाही. ते उठले.

दोन दिवसांनी दार उघडलं : एकोणीस नीट,
मला हवा होता तो हिरवा
पालक उकळलेल्या पाण्यासारखा आलेला.
एक वाटी मी झिलईविना भाजली होती, मुद्दाम,
कुणाला न सांगता.
ती फळीवर ठेवली नाही, पेटीतही घातली नाही.
पाणी भरून खिडकीत ठेवली, आणि रिक्षा येईपर्यंत
बुडाशी ओल धरते का पाहत राहिले.

खोपे चुना मळत म्हणाले,
"ते नाही पाझरत आता. मोसंबीले गेलं ना ते.
रांजण डाळिंबावरच काढा लागते."

बाहेर शेहेचाळीस.
रिक्षावाला हॉर्न वाजवून राहिला होता.